शोधनिबंधांची यादी कशी वाचावी : विंचू, हृदय आणि न गोठणारं रक्त



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाचा मास्तर हृदय आणि रक्ताच्या गुठळ्यांवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. औषध कोणतं घ्यावं, किती घ्यावं, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही आणि ते आम्ही सांगणारही नाही. पण एखादी गोष्ट आपल्याला माहीत झाली असं कधी म्हणायचं, ते माहीत होणं कसं घडतं आणि आपण ते कशावरून मानायचं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. त्यासाठी आज आपण एका डॉक्टरांच्या शोधनिबंधांची यादी घेऊन बसणार आहोत. यादी म्हणजे कंटाळवाणा प्रकार, असं वाटेल. नाव, साल, नियतकालिक, पान क्रमांक. पण नीट वाचली तर तीच यादी इतिहास सांगते.

हे डॉक्टर म्हणजे हिम्मतराव बावस्कर. आपल्या बुलढाणा जिल्ह्याला लागून जालना जिल्ह्याचा भोकरदन तालुका आहे, त्यातलं देहेड हे त्यांचं गाव. म्हणजे एका अर्थी शेजारचेच. वैद्यकीय शिक्षण नागपूरला, पुढे एम. डी. पुण्याला, आणि सगळी हयात गेली ती रायगड जिल्ह्यातल्या महाडला. महाड म्हटलं की आपल्याला 1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवतो. वैद्यकाच्या जगात मात्र महाडचं नाव गेलं ते विंचवामुळे. 2022 साली डॉक्टरांना पद्मश्री जाहीर झाली आणि वर्तमानपत्रांतून फोटो आले. पण पुरस्कारापेक्षा त्या अगोदरची चाळीस वर्षं महत्त्वाची आहेत, आणि ती वर्षं या यादीत नोंदलेली आहेत.

प्रथम विंचवाबद्दल थोडं. आपल्याकडे वऱ्हाडीत 'इचू' म्हणतात. सोयाबीनची सोंगणी, कडब्याची गंजी, धुऱ्यावरचे दगड, लाकूडफाटा, जिथे हात घालावा तिथे हा असू शकतो. लोक घाबरतात ते मोठ्या काळ्या विंचवाला. खरा घातक मात्र आकाराने लहान असलेला तांबडा विंचू. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तामिळनाडू, सौराष्ट्र या भागांत तो सापडतो आणि कोकणात तर फारच. विंचू चावला की आग होते, ठणका लागतो, रात्र जाते आणि सकाळी माणूस कामाला लागतो, असा बहुतेकांचा अनुभव. पण काहींच्या बाबतीत तसं होत नसे. घाम सुटायचा, उलट्या व्हायच्या, हातपाय बर्फासारखे गार पडायचे, मग धाप लागायची, तोंडातून लालसर फेस यायचा आणि माणूस जायचा. यात लहान मुलं फार.

लालसर फेस म्हणजे फुप्फुसात पाणी भरणं. ही गोष्ट अगदी अज्ञात होती असं नाही. 1961 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरल्याची नोंद केलेली होती. 1970 च्या सुमारास इस्राएलमधले गेरॉन आणि त्यांचे सहकारी विंचूदंशात हृदयावर काय परिणाम होतो ते लिहीत होते. म्हणजे आजार माहीत होता. उपाय माहीत नव्हता. ग्लानी आणणारी औषधं एकत्र करून देत, स्टिरॉइड देत, घाम आणि लाळ थांबावी म्हणून अ‍ॅट्रोपिन देत. यातलं काही निरुपयोगी होतं आणि अ‍ॅट्रोपिनसारखं काही तर धावणाऱ्या हृदयाला आणखी पळवणारं होतं.

आणि दवाखान्यात येण्याआधी रोगी कुठे जाऊन आलेला असे? मांत्रिकाकडे. इथे आपण जरा थांबू, कारण तत्त्वज्ञानाचा पहिला धडा इथे आहे. विंचू उतरवणाऱ्याचा लौकिक खोटा नव्हता. त्याच्याकडे आलेल्यांपैकी बहुतेक जण बरे होत. लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असे. मग त्यांनी विश्वास ठेवला यात चूक काय? आपल्या न्यायशास्त्रात याचं उत्तर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो सरपण ओलं असलं तर. ही जी लपलेली अट, तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. मांत्रिकाच्या यशात अशीच एक उपाधी लपलेली होती. बहुतेक दंश मुळात सौम्यच असतात, ते मंत्राशिवायही उतरतात. ज्याच्या अंगात विष खोल गेलेलं असे तो मंत्र ऐकता ऐकता वेळ गमावत असे. पण हे सिद्ध करायचं तर कोणता दंश सौम्य आणि कोणता घातक, हे आधी ओळखता यायला हवं. ते कोणाला ओळखता येत नव्हतं.

1976 साली बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे काय, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. तिथे प्रयोगशाळा नाही, तज्ज्ञ नाही. होतं काय? रोगी होते, रक्तदाब मोजायचा पट्टा होता, स्टेथोस्कोप होता आणि वही होती. आता यादीतली पहिली मोठी नोंद पाहा. 1982, 'द लॅन्सेट'. विषय आहे तांबड्या विंचवाच्या दंशात हृदयावर संकट येणार याची पूर्वसूचना देणाऱ्या खुणा. उलटी, भरपूर घाम, लाळ, गार पडलेले हातपाय, पुरुषांमध्ये लिंगाला आलेला ताठरपणा. आणि एक चकवणारी गोष्ट. ज्याला दंशाच्या जागी असह्य ठणका आहे पण बाकी काही नाही, तो बहुधा वाचतो. ज्याला ठणका कमी पण घाम फुटलाय, त्याच्यावर नजर ठेवायची.

या निबंधात औषध नाही बरं का. मंडळी, हे लक्षात घ्या. जगातल्या एका अग्रगण्य नियतकालिकाने खेड्यातल्या डॉक्टरचं लेखन छापलं, त्यात नवं औषध नव्हतं, यंत्र नव्हतं. त्यात फक्त निरीक्षण होतं, पण ते मोजून, क्रमाने, रोग्याच्या उशाशी बसून केलेलं. कोण ओरडतोय याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. कोण मुकाट्याने घामाघूम होतोय, याकडे यांनी लक्ष दिलं. मघाशी म्हटलं ना, घातक कोण ते ओळखता येत नव्हतं. ते आता ओळखता येऊ लागलं. जोवर वर्गवारी नीट होत नाही तोवर उपायाची परीक्षाच करता येत नाही. म्हणून यादीत ही नोंद औषधाच्या आधी आली आहे. हा योगायोग नाही, तर्काचा क्रमच तसा आहे.

पुढची नोंद 1986 ची, पुन्हा 'लॅन्सेट'. आता लेखक दोन आहेत, हिम्मतराव आणि प्रमोदिनी बावस्कर. पतिपत्नी दोघंही डॉक्टर. पुढच्या बहुतेक नोंदींत ही दोन नावं शेजारी शेजारी दिसतात. यादी वाचताना नावांकडेही पाहावं, कारण संशोधन एकट्याचं नसतं हे त्यातून कळतं. या निबंधाचा विषय आहे प्राझोसिन.

प्राझोसिन हे काही विंचवासाठी शोधलेलं औषध नव्हे. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. मग ती विंचवावर कशी चालली? मज्जातंतूंच्या आवरणात सोडियम आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. तांबड्या विंचवाचं विष ती दारं वेळेवर बंद होऊ देत नाही. परिणाम असा, की मज्जातंतू सतत पेटलेले राहतात आणि शरीरात अ‍ॅड्रेनलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांमध्ये रक्त ढकलावं लागतं. चढावर भरलेली बैलगाडी आणि वरून कासरा ओढून धरलेला, तशी हृदयाची गत होते. ते दमतं, मागे रक्त तुंबतं आणि फुप्फुसात पाणी उतरतं. रक्तवाहिन्या आवळण्याचं काम ज्या ग्राहीमार्फत होतं त्याला अल्फा म्हणतात. प्राझोसिन नेमका तोच अडवतं. कासरा सैल होतो.

युक्ती साधी वाटते. सुचल्यावर सगळ्याच युक्त्या साध्या वाटतात. पण त्यात एक खोच होती. रोगी गार पडलेला आहे आणि त्याला रक्तदाब उतरवणारी गोळी द्यायची, हे नुसत्या डोळ्याला उलटं दिसतं. शरीरात चाललंय काय याचं चित्र मनात पक्कं असल्याशिवाय असं धाडस होत नाही. आणि गोळी देऊनही काम संपत नाही. ही गोळी घेतलेल्या मुलाला एकदम उचलून उभं करायचं नसतं, कारण रक्तदाब अचानक उतरू शकतो. लेकराला छातीशी धरायला धावणाऱ्या आईला हे समजावणं हासुद्धा उपचाराचाच भाग.

पश्चिम महाराष्ट्राचा जो हिशोब त्यांनी आपल्या लेखांतून मांडला तो असा : 1961 ते 1983 या काळात गंभीर विंचूदंशाने दवाखान्यात आलेल्या शंभरांपैकी साधारण 30 जण दगावत. प्राझोसिन वापरात आल्यावर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. शंभरात 30 मधून एक. वर्गात एका बाकावर तीन मुलं बसतात असं धरा, तर प्रत्येक बाकावरचं जवळपास एक मूल. इथे आपल्या विषयाचं मोल आहे.

यानंतरची यादी 'ट्रॉपिकल मेडिसिन'च्या नियतकालिकांतून, 1992 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधून, 1994 साली 'टॉक्सिकॉन'मधून पुढे जाते. सगळ्या नोंदी आम्ही वाचत बसत नाही. 1991 च्या दोन मात्र सांगतो, कारण दोन्ही फार बोलक्या आहेत.

पहिलीचा विषय असा : एकाच विंचवाने पाठोपाठ दोन माणसांना दंश केला, तर पहिल्याला हृदयाचा गंभीर त्रास होतो, दुसऱ्याला होत नाही. घरोघरी घडणारी गोष्ट आहे ही. अंथरुणात विंचू, आधी एक भाऊ, मग दुसरा. लोक म्हणणार, ज्याचं त्याचं नशीब. कोणी म्हणेल, प्रकृतीचा फरक. पण विंचू तोच, घर तेच, रात्र तीच. बदललं काय? नांगीतलं विष. पहिल्या दंशात ते बरंच खर्ची पडलं. नैयायिक ज्याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात, म्हणजे कारण आहे तिथे कार्य आहे आणि कारण नाही तिथे कार्य नाही, त्याची परीक्षा इथे निसर्गानेच मांडून दिली होती. असे प्रसंग कोकणात पिढ्यानपिढ्या घडले असतील. ते प्रयोग म्हणून पाहणारा डोळा तिथे हवा होता.

1991 चाच दुसरा निबंध. त्याच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह आहे. विंचूदंशाच्या उपचारात प्रतिविषाची, म्हणजे सीरमची, खरोखर गरज आहे का? प्रश्नाचा रोख स्पष्ट दिसतो. गोळीने माणसं वाचतायत, मग महागडं सीरम कशाला? हा प्रश्न एकट्या महाडचा नव्हता. ट्युनिशियातल्या डॉक्टरांनी 825 रुग्णांवर चाचणी घेतली आणि 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की सरसकट सीरम दिल्याने फायदा दिसत नाही. उलट अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या 15 मुलांवरची चाचणी 2009 साली छापून आली, तिथे सीरमचा गुण ठळक दिसला. दोन्ही खरं असू शकतं. विंचू वेगळे, सीरम वेगळं, रोगी किती गंभीर ते वेगळं. जगभरचा निष्कर्ष आपल्या धुऱ्यावरच्या विंचवाला जसाच्या तसा लागू होत नाही, हे यातून शिकायचं.

आपल्याकडे तांबड्या विंचवावरचं सीरम मुंबईच्या हाफकिनने तयार केलं. 2010 साली चिपळूणचे डॉ. नातू आणि त्यांचे सहकारी यांनी सीरम आणि प्राझोसिन यांची तुलना करून सीरमच्या बाजूने निष्कर्ष मांडला. म्हणजे शेजारच्याच जिल्ह्यातून बावस्करांच्या पद्धतीला आव्हान आलं होतं. आणि आता या यादीतली आमच्या मते सर्वात मोठी नोंद. 2011, 'बीएमजे', लेखक बावस्कर पतिपत्नी.

त्यांनी 70 रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यदृच्छेने त्यांचे दोन गट केले, 35 आणि 35. एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि सीरम. दहा तासांनी पाहिलं, पूर्ण बरे किती? नुसत्या प्राझोसिनच्या गटात 35 पैकी 8. दोन्ही दिलेल्या गटात 35 पैकी 32.

मंडळी, हे आकडे कोणी छापले? ज्यांचं नाव प्राझोसिनमुळे झालं त्यांनीच. पंचवीस वर्षं ज्या गोळीवर कीर्ती उभी होती ती गोळी एकटी पुरेशी नाही, सीरमची जोड दिली तर रोगी कितीतरी लवकर सावरतो, हे त्यांनी स्वतः चाचणी मांडून, स्वतः मोजून, जगापुढे ठेवलं. 1991 साली विचारलेल्या प्रश्नाला 2011 साली आलेलं उत्तर प्रश्नाच्या रोखाविरुद्ध होतं आणि ते त्याच हातांनी लिहिलं. कार्ल पॉपर म्हणत, की जे मत खोटं ठरण्याची जोखीम घेतं तेच वैज्ञानिक. आपल्या परंपरेत तर आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही पूर्ण ताकदीने, आणि मग उत्तरपक्ष. इथे पूर्वपक्षही आपलाच आणि उत्तरपक्षही आपलाच. दुसऱ्याचं मत खोडणं सोपं असतं. स्वतःच्या कीर्तीला तराजूत घालणं अवघड.

आणि गोष्ट तिथेही संपली नाही. 2014 साली पुदुच्चेरीच्या डॉक्टरांनी मुलांवर अशीच स्वतंत्र चाचणी घेऊन छापली आणि प्राझोसिनला सीरमची जोड फायद्याची ठरते हे त्यांनाही दिसलं. एकाचं निरीक्षण दुसऱ्याने पडताळलं की ते निरीक्षण राहत नाही, ज्ञान होतं. छापण्याचा अर्थ इथे आहे. छापलं नसतं तर पुदुच्चेरीने पडताळलं काय असतं?

आता हृदयाकडून रक्ताकडे येऊ. यादीत विंचवाच्या शेजारी साप आहेत. 2002 साली पश्चिम महाराष्ट्रातल्या सर्पदंशांचा आढावा, 2008 साली ग्रामीण महाराष्ट्रातल्या सर्पदंशांचा. या दुसऱ्यात मराठवाड्यातल्या मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे सहलेखक आहेत. घोणस आणि फुरसं या दोन सापांचं विष रक्तावर हल्ला करतं. कसं, ते मोठं गमतीशीर आहे. आपल्याला वाटेल विष रक्त पातळ करत असेल. उलट, हे विष रक्त गोठवायला लागतं. गोठण्यासाठी लागणारे घटक ते एकदम कामाला लावतं, ते सगळे पाहता पाहता खर्च होतात आणि मग गोठवायला काही शिल्लकच राहत नाही. दिवाळीच्या आधीच घरातला सगळा दाणागोटा उधळला तर सणाला काय उरणार? मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त वाहू लागतं.

हे ओळखायचं कसं? मोठी यंत्रं तालुक्याला नसतात. डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायजेरियात 1970 च्या दशकात एक साधी परीक्षा वापरात आणली. रोग्याचं थोडं रक्त, दोन मिलीलिटर, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं. वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग नळी तिरपी करायची. रक्त गोठलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनलंय, प्रतिविष हवं. नळी काचेचीच लागते, प्लॅस्टिकची चालत नाही, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते. साबणाने धुतलेली नळीही फसवते. एक काचेची नळी आणि एक घड्याळ. पण वीस मिनिटं म्हणजे वीस, पंधरा नव्हेत. शिस्त हेच इथलं उपकरण.

गंमत म्हणजे जे विष रक्ताचा घात करतं, त्यानेच रक्त कसं गोठतं हे माणसाला शिकवलं. 1934 साली मॅकफर्लेन आणि बार्नेट यांनी लंडनहून 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की घोणसाचं विष अगदी विरल करून लावलं तर ज्यांचं रक्त जन्मतःच गोठत नाही अशांचा रक्तस्राव थांबवता येतो. याच मॅकफर्लेन यांनी 1964 साली रक्त गोठण्याची पायऱ्यापायऱ्यांची साखळी मांडली. आजही काही रोग्यांत गुठळ्या होण्याची प्रवृत्ती तपासताना घोणसाच्या विषाची परीक्षा वापरतात. आणि फुरशाच्या विषातल्या एका द्रव्याच्या नमुन्यावरून टायरोफिबान हे औषध घडवलं गेलं. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनीत गुठळी वाढू नये म्हणून ते देतात. मुंबई-पुण्याच्या हृदयरोग कक्षात वापरलं जाणारं औषध आणि आपल्या बांधावरचं फुरसं, असं हे नातं.

पण या नात्याला एक बोचरी बाजू आहे. फुरशापासून घडवलेलं औषध शहरात मिळतं आणि फुरसं चावलेला माणूस प्रतिविषाअभावी खेड्यात मरतो. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी 58,000, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या अग्रक्रमाच्या यादीत घेतलं ते 2017 मध्ये. त्याच वर्षी बावस्करांनी 'लॅन्सेट'मध्ये सर्पदंशाला गरिबीचा दुर्लक्षित आजार म्हटलं. शेतकऱ्याचा, मजुराचा, जमिनीवर झोपणाऱ्याचा आजार. अशा आजारावर संशोधन करायला मोठ्या कंपन्या पुढे येत नाहीत. ते करायचं तर जिथे साप चावतो तिथल्या डॉक्टरनेच करायचं.

इथे कोणी म्हणेल, रोगी बरा केला, पुरे झालं. छापायचा अट्टहास कशाला? सर्पगंधेचं उदाहरण घ्या. ही वनस्पती आपल्याकडे शेकडो वर्षं माहीत होती. 1931 साली तिच्यावर भारतीय वैद्यांनी लिहिलंही होतं. पण 1949 साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरची मोजमापं 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापली आणि जगाने तिची दखल घेतली. 1957 साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. घरातली माहिती घरात राहिली तर तिची परीक्षा होत नाही. परीक्षा झाली नाही तर खरी माहिती आणि मांत्रिकाचा मंत्र यांत फरक करायचा कशाने?

आता उलट बाजू. आजकाल विद्यापीठांत, महाविद्यालयांत शोधनिबंध मोजतात. बढतीसाठी इतके, मुलाखतीला तितके गुण. पैसे भरले की आठवड्यात छापून देणारी नियतकालिकं निघाली. आम्ही स्वतः अशा याद्या तपासण्याच्या समित्यांवर बसलो आहोत. साठ-सत्तर निबंधांची यादी समोर यायची, आणि त्यातला एकही निबंध आधीच्या निबंधाशी बोलत नसायचा. वर्षाला पाच विषय, पाचही वेगळे, पाचांचंही पुढे काही नाही. म्हणून तरुण मित्रांना आम्ही सांगतो, की यादी लांबीने मोजू नका. तिला तीन प्रश्न विचारा. आधीच्या नोंदीने उभा केलेला प्रश्न पुढच्या नोंदीत सोडवायला घेतलाय का? लेखकाने आपलं मत हरू शकेल अशा ठिकाणी नेऊन उभं केलंय का? आणि या निबंधामुळे कोणा परक्या माणसाला ते काम पुन्हा करून पाहता येईल का? 1982 च्या खुणा, 1986 ची गोळी, 1991 चा प्रश्न, 2011 चं उत्तर, 2014 ची दुसऱ्यांची पडताळणी. या यादीला हे तीनही प्रश्न विचारता येतात.

शेवटी आपल्या जिल्ह्याकडे येऊ. डिसेंबर 2024 च्या अखेरीस आणि जानेवारी 2025 मध्ये घाटाखाली शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक झडू लागले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शाम्पूला. मुलींची लग्नं अडतील या काळजीने घरं धास्तावली. आयसीएमआरची पथकं आली. डॉ. बावस्करही सत्तरी ओलांडलेल्या वयात त्या गावांत पोचले आणि रक्त, लघवी, केस, गहू यांचे नमुने त्यांनी तपासून घेतले. रेशनच्या गव्हातलं जादा सेलेनियम हे कारण असल्याचं त्यांनी सांगितलं. बाधितांच्या रक्तात सेलेनियम 35 पट, लघवीत 60 पट, केसांत 150 पट वाढलेलं आढळल्याचे त्यांचे आकडे वर्तमानपत्रांतून आले.

पद्धत तीच आहे, बघा. आधी वर्गवारी : केस कोणाचे गळले, कोणाचे नाही. मग अन्वय-व्यतिरेक : रेशनचा गहू खाणारे आणि न खाणारे. मग मोजमाप. 1976 साली बिरवाडीत जी वही उघडली, तिचंच हे पुढचं पान.

पण आपल्या बाजूने काय? बातमी आली, आठवडाभर चर्चा झाली आणि आपण सोयाबीनच्या भावाकडे वळलो. बातमी ऐकणं आणि निष्कर्ष समजून घेणं यांत अंतर आहे. कोणत्या गावात किती नमुने घेतले, कुठे तपासले, दुसऱ्या कोणी पडताळले का, रेशनवर पुढे येणारा गहू आता तपासला जातो का, हे विचारणं डॉक्टरांचं काम नाही. ते गावाचं काम आहे, ग्रामसभेचं आहे, इथे बसलेल्या शिक्षकांचं आणि विद्यार्थ्यांचं आहे. मांत्रिकावर प्रश्न न विचारता ठेवलेला विश्वास आणि शास्त्रज्ञावर प्रश्न न विचारता ठेवलेला विश्वास यांत, ठेवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर, फारसा फरक नसतो. शास्त्रज्ञ आपले आकडे उघड्यावर ठेवतो ते आपण विचारावं म्हणून.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, घरी जाऊन सांगा. विंचू चावल्यावर घाम, उलटी, हातपाय गार पडणं यातलं काही दिसलं, की थांबू नका. साप चावला तर जखम कापू नका, घट्ट बांधू नका, चावलेला अवयव हलू देऊ नका, 108 ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात पोचा. मंत्राला दिलेला एक तास हृदयाकडून आणि रक्ताकडून घेतलेला असतो.

आता प्रश्न असतील तर विचारा, उत्तरं देण्याचा आम्ही प्रयत्न करू.